दिलाशाचे शिल्प : जेम्स हेरियटच्या पशुवैद्यकीय आठवणींचा एक विचार

आत्मचरित्राचा विचार करताना मराठी समीक्षेने काही कसोट्या आता जवळजवळ गृहीत धरल्या आहेत. प्रांजळपणा, आत्मपरीक्षण, सामाजिक वास्तवाचे भान आणि वेदनेशी इमान या त्या कसोट्या होत. 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) या आत्मकथनांनंतर त्या अधिक काटेकोर झाल्या आणि ते योग्यच झाले. परंतु या कसोट्या हाती घेऊन आपण काही पुस्तकांपाशी गेलो की आपली थोडी पंचाईत होते. वाचकाला ही पुस्तके आवडतात, तो ती आजारपणात, प्रवासात, रात्री झोप येत नसताना पुन्हापुन्हा वाचतो आणि विचारले तर एवढेच सांगतो की, 'बरे वाटते.' या 'बरे वाटण्या'साठी आपल्या परिभाषेत 'रंजन' हा एकच शब्द उरला आहे आणि तोही फडके-खांडेकर वादापासून किंचित तुच्छतेनेच उच्चारला जातो. वस्तुतः आपल्याच परंपरेत यापेक्षा भारदस्त शब्द उपलब्ध आहे. 'नाट्यशास्त्रा'च्या पहिल्या अध्यायात नाट्याची प्रयोजने सांगताना दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना विश्रांती देणे हे एक प्रयोजन भरताने स्पष्टपणे नोंदविले आहे. रंजनात श्रमाचा विसर पडतो. विश्रांतीत श्रम गृहीत असतो. हा भेद मनात ठेवून जेम्स हेरियट या इंग्रज ग्रामीण पशुवैद्याच्या आठवणींकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखकाविषयी थोडी माहिती आधी द्यावयास हवी. 'जेम्स हेरियट' हे टोपणनाव. मूळ नाव जेम्स आल्फ्रेड वाइट. जन्म १९१६ मध्ये संडरलंड येथे, बालपण व शिक्षण ग्लासगो येथे. तेथील पशुवैद्यक महाविद्यालयातून तो १९३९ मध्ये पदवीधर झाला आणि जुलै १९४० मध्ये यॉर्कशायरमधील थर्स्क या बाजारपेठेच्या गावी डोनाल्ड सिंक्लेअर यांच्या दवाखान्यात रुजू झाला. मधला हवाई दलातील काळ सोडला तर सगळी हयात त्याने तेथेच काढली. लिहावयास गंभीरपणे बसला तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर. 'इफ ओन्ली दे कुड टॉक' हे पहिले पुस्तक १९७० मध्ये आणि 'इट शुडन्ट हॅपन टु अ व्हेट' हे दुसरे १९७२ मध्ये आले. त्याच वर्षी ही दोन्ही एकत्र करून अमेरिकेत 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' या नावाने प्रसिद्ध झाली आणि लेखक जगभर पोचला. पशुवैद्याने स्वतःची जाहिरात करू नये, असा व्यवसायाचा दंडक असल्यामुळे खरे नाव वापरता येत नव्हते. म्हणून दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा सामना पाहताना दिसलेल्या एका गोलरक्षकाचे नाव त्याने उचलले. पुढील विवेचनात प्रत्यक्ष व्यक्तीस 'आल्फ' (घरचे लोक त्याला याच नावाने हाक मारीत) आणि पुस्तकातील निवेदकास 'हेरियट' असे म्हटले आहे. हा भेद केवळ सोयीचा नाही, हे पुढे दिसून येईल.

पहिल्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण पाहावे. मध्यरात्र उलटून गेलेली आहे, थंडी आहे. एका गोठ्याच्या दगडी फरशीवर कंबरेपर्यंत उघडा असलेला तरुण पशुवैद्य पालथा पडला आहे आणि त्याचा हात खांद्यापर्यंत अडलेल्या गाईच्या आत आहे. वासराची मान मागे वळली आहे. जबड्यात दोरीचा फास अडकवून ती पुढे आणावयाची आहे. गाईची प्रत्येक कळ त्याचा हात पिळून काढते. यात भर म्हणून गोठेमालकाचा एक वयस्क नातलग शेजारी उभा राहून दुसऱ्याच एका पशुवैद्याची थोरवी सांगतो आहे. तो पशुवैद्य असता तर त्याने कसे केले असते, हे ऐकवतो आहे. शेवटी वासरू जिवंत बाहेर येते. गोठेमालक प्यायला काही हवे का, असे विचारतो. थकलेला हेरियट कृतज्ञतेने होकार देतो, आणि तेव्हा कळते की प्रश्न गाईबद्दल होता.

हा प्रसंग विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यातील निवेदनाची व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. जीव वाचविण्याचे काम पूर्ण झाले आहे, मात्र त्याचे श्रेय कोणी देत नाही आणि निवेदकही ते मागत नाही. यशाचा क्षण येतो तोच अपमानाच्या पोटात गुंडाळून. आत्मचरित्रकाराला 'मी'चे काय करावयाचे हा प्रश्न नेहमीच छळतो. 'मी' मोठा केला तर वाचक दुरावतो, खोटा लहान केला तर त्याला संशय येतो. हेरियट हा प्रश्न शरीराच्या पातळीवर सोडवितो. त्याचा 'मी' म्हणजे बधिर झालेला दंड, साबणाच्या पाण्याने भरलेली बादली, शेणाने माखलेली पाठ. असा 'मी' लहान करण्याची गरजच पडत नाही. गाय त्याला आपोआप लहान करते. श्रमलेल्या वाचकाला या पानांवर विश्रांती मिळते याचे पहिले कारण मला हे वाटते. तेथे कोणीतरी आपल्याइतकेच, किंबहुना जास्तच, राबत असते आणि त्याबद्दल भाषण करीत नाही.

दुसरे कारण प्रकरणांच्या घडणीत आहे. जवळपास प्रत्येक प्रकरण हाकेने सुरू होते. दूरध्वनी वाजतो, कोणीतरी संकटात आहे, आणि कोणीतरी निघते. प्रकरण संपेपर्यंत त्या संकटाचा निकाल लागतो, बरा किंवा वाईट, पण लागतो. जीवनात हाकेला ओ मिळतेच असे नाही आणि निकाल तर वर्षानुवर्षे लागत नाहीत. ही प्रकरणे वाचकाला एवढीच हमी देतात की कोणीतरी येईल. बरे करील, अशी हमी मात्र ती देत नाहीत. हेरियटच्या दवाखान्यातील फडताळे रंगीबेरंगी द्रावणांच्या बाटल्यांनी भरलेली आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा उपयोग शून्य, हे तो मोकळेपणाने सांगतो. सल्फा औषधे नुकती येऊ लागली आहेत, पेनिसिलिन अजून दूर आहे. हँडशॉ नावाच्या शेतकऱ्याची गाय उठेना, तेव्हा तिचे कमरेचे हाड मोडले आहे असे निदान करून हेरियट ती कापावयास देण्याचा सल्ला देतो. मालक कोणाच्या तरी सांगण्यावरून तिच्या पाठीवर मेंढीचे ताजे कातडे टाकतो आणि गाय उठून उभी राहते. त्यानंतर कित्येक वर्षे हँडशॉ ही कथा भेटेल त्याला सांगतो. ज्ञानाच्या मर्यादेची अशी हसरी नोंद करणारे वैद्यकीय आत्मकथन विरळा.

तथापि या पुस्तकांतील दिलासा खऱ्या अर्थाने कसाला लागतो तो मृत्यूच्या प्रसंगी. डीन नावाचा एकटा म्हातारा, त्याचा चौदा वर्षांचा कुत्रा, कुत्र्याच्या पोटात गाठ. करण्यासारखे एकच उरले आहे. हेरियट सुई देतो, कुत्रा शांत होतो. म्हातारा शुल्क विचारतो, हेरियट नाही म्हणतो आणि निघतो. मागून म्हातारा धावत येतो आणि जपून ठेवलेली एक जुनी सिगार त्याच्या हातात ठेवतो. प्रकरण येथे थांबते. दुःखावर कसलेही भाष्य नाही. पण म्हाताऱ्याला घेणेकरी न ठेवता देणारा होऊ दिले आहे, आणि त्याची प्रतिष्ठा त्या सिगारीत आहे. करुणरसाचा परिपोष विलापातून होतो, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याने हे प्रकरण जरूर वाचावे.

मिस स्टब्ज या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेचे प्रकरण याहून अवघड आहे. तिच्याभोवती कुत्री-मांजरे आहेत आणि बिछान्यावर टांगलेल्या पाटीवर ईश्वर जवळ असल्याचे लिहिले आहे. तिला मरणाची भीती नाही. तिला भीती आहे ती प्राण्यांना आत्मा नसेल आणि पलीकडे आपली त्यांची भेट होणार नाही, याची. ती हेरियटला विचारते. येथे पशुवैद्याचे ज्ञान संपलेले आहे. तो सांगतो की ती जेथे जाईल तेथे तेही येतील, असा आपला विश्वास आहे. टीकाकाराला येथे भाबडेपणा दिसेल. पण संवादाचा क्रम पाहावा. प्राण्यांना आत्मा नसतो, हे तिला ठामपणे सांगणारे लोक आधी येऊन गेले आहेत. म्हणजे दोन्ही बाजू ज्ञानाच्या पलीकडे बोलत आहेत, फक्त एक बाजू आपल्या शब्दांचा ऐकणारीवर काय परिणाम होतो याची जबाबदारी घेते. माझ्या मते या पाचसहा पृष्ठांत दिलाशाची नीती जितकी स्पष्ट मांडली गेली आहे तितकी या लेखकाच्या अन्य लेखनात नाही.

पदव्युत्तर वर्गात असे साहित्य चर्चेस घेतले की विद्यार्थी हमखास विचारतात, 'पण सर, हे सगळे खरे आहे का?' हा प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये. पुस्तकातील 'डॅरोबी' हे गाव नकाशावर नाही. थर्स्क आणि आसपासच्या काही बाजारगावांची ती सरमिसळ आहे. खरे थर्स्क डोंगराळ 'डेल्स'च्या बाहेर सपाटीवर वसलेले आहे, लेखकाने मात्र गाव थेट डेल्सच्या कुशीत नेले. डोनाल्ड सिंक्लेअर हा 'सिगफ्रिड फार्नन' झाला, त्याचा भाऊ ब्रायन 'ट्रिस्टन' झाला. एवढी उलथापालथ कोणत्याही आठवणींच्या पुस्तकात क्षम्य असते. माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण बदल वेगळाच आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. हेरियट डॅरोबीला येतो ते साल आहे १९३७. आल्फ थर्स्कला आला जुलै १९४० मध्ये.

१९३७ मध्ये आल्फ ग्लासगोला विद्यार्थी होता. तो नोकरीवर रुजू झाला त्या महिन्यात डंकर्कची माघार होऊन जेमतेम काही आठवडे लोटले होते आणि ब्रिटनवरील हवाई लढाईला तोंड फुटत होते. म्हणजे पहिल्या पुस्तकांत युद्धपूर्व डॅरोबीचा जो दीर्घ, संथ, उन्हात न्हालेला काळ येतो, ज्यासाठी लाखो वाचक पुन्हापुन्हा तेथे जातात, तो लेखकाने त्या गावी कधी जगलेलाच नाही. त्याने आपले आगमन तीन वर्षे मागे सरकविले आणि युद्धाच्या आतून उचलून युद्धाच्या बाहेर ठेवले. यामागे ओळखी झाकण्याचा व्यावहारिक हेतू असू शकेल, जुन्या-नव्या औषधांचा संधिकाल टिपण्याची सोयही असेल. हेतू काहीही असो, परिणाम रचनेचा आहे. प्रसंग खरे, राबणे खरे, गाई खऱ्या, आणि त्यांच्या भोवतीची शांतता तेवढी रचलेली. आत्मचरित्रातील सत्याची चर्चा आपण बहुधा घटनांच्या पातळीवर करतो. येथे घटना बहुतांशी अनुभवातल्या असून वातावरण कल्पित आहे, आणि दिलासा मुख्यत्वे वातावरणातून येतो.

लेखकाला याची जाणीव असावी, असा पुरावा त्याच्याच लेखनात आहे. 'व्हेट्स माइट फ्लाय' (१९७६) व 'व्हेट इन अ स्पिन' (१९७७) या पुस्तकांची चौकट हवाई दलातील प्रशिक्षणाची आहे. कवायत, सक्तीचे धावणे, दंतवैद्याची रांग असे काहीतरी घडते, त्यातून एखादा धागा निघतो आणि निवेदक मनाने डॅरोबीच्या गोठ्यात पोचतो. प्रकरणामागून प्रकरण हीच हालचाल. पहिल्या पुस्तकांत वाचक ज्या गावी विसाव्यास जात होता त्याच गावी आता निवेदक स्वतः जातो. विसाव्याची गरज कोठून निर्माण होते, हे येथे प्रथमच पानावर दिसते. रचनेच्या दृष्टीने ही पुस्तके विस्कळीत आहेत, काही सांधे ओढूनताणून जुळविलेले आहेत, तरीही अभ्यासकाने ती वगळू नयेत.

दिलाशाच्या घडणीत प्रकाशनव्यवहाराचाही हात असतो. अमेरिकन आवृत्ती निघताना तेथील प्रकाशकाने लेखकाला सुचविले की नायकाचे नायिकेशी लग्न होईपर्यंत आणखी काही प्रकरणे लिहून द्यावीत. ती लिहिली गेली, आणि 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' विवाहाने संपते. नावही बदलले. ते सेसिल फ्रान्सेस अलेक्झांडर या कवयित्रीच्या १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालस्तोत्रातून घेतले आहे. या स्तोत्राची एक गंमत आहे. त्यात श्रीमंत आपल्या गढीत आणि गरीब त्याच्या दाराशी ही मांडणी देवानेच केली, अशा अर्थाचे एक कडवे आहे आणि अनेक प्रार्थनासंग्रहांनी ते पुढे गाळून टाकले. गाळलेले कडवे पुस्तकातही गाळलेलेच राहिले का? मला तसे वाटत नाही. श्रीमती पंफ्री आपल्या ट्रिकी वू नावाच्या लाडावलेल्या कुत्र्याला खाऊ घालून आजारी पाडतात. हेरियट त्याला दवाखान्यात आणून उपाशी ठेवून आणि इतर कुत्र्यांत खेळवून बरा करतो. दरम्यान कुत्र्यासाठी पाठविलेली अंडी, वाइन आणि ब्रँडी दवाखान्यातील मंडळी फस्त करतात. शेजारच्याच प्रकरणात एका गाईच्या मरणाने कुटुंबाची वर्षभराची घडी विस्कटते. लेखक या दोन पृष्ठांमध्ये पूल बांधीत नाही, रागावत नाही. पण दोन्ही पृष्ठे एकाच पुस्तकात ठेवतो. मेलेली जनावरे उचलून नेणारा मॅलक, ज्याच्यापाशी प्रत्येक शवासाठी मृत्यूचे ठरलेले कारण तयार असते, त्याचाही गाडा पानापानांतून फिरत राहतो. सामाजिक भाष्याची अपेक्षा ठेवणाऱ्याला हे अपुरे वाटेल आणि त्याचे म्हणणे मी अमान्य करणार नाही.

आल्फचे निधन फेब्रुवारी १९९५ मध्ये झाले. त्याच्या मुलाने लिहिलेले चरित्र १९९९ मध्ये आले. मुलगाही पशुवैद्य, त्याच दवाखान्यात काम केलेला. १९६० च्या सुमारास आल्फला तीव्र नैराश्याने ग्रासले होते आणि विजेच्या झटक्यांचे उपचार घ्यावे लागले होते, हे त्यातून वाचकांना कळले. आठवणींच्या पुस्तकांत याचा मागमूस नाही. सिगफ्रिडचा मूळ नमुना असलेल्या डोनाल्ड सिंक्लेअर यांनीही १९९५ मध्येच, पत्नीच्या मृत्यूनंतर, आपले जीवन संपविले. या माहितीनंतर पुस्तके खोटी ठरविण्याचा मोह होतो. मला तो उथळ वाटतो. कालक्रम लक्षात घ्यावा : नैराश्य आधी, लेखन नंतर. ज्याला आतला अंधार ठाऊक होता त्याने, पन्नाशीत, बैठकीच्या खोलीत घरच्यांच्या सोबत बसून, डॅरोबी उभे केले. तेव्हा पुस्तकांतील प्रकाश हे अज्ञान नव्हे, निवड आहे. मात्र निवड म्हटली की तिची किंमतही विचारावी लागते. हेरियटचा 'मी' दमतो, भिजतो, हरतो, पण मोडत नाही. मोडलेल्या वाचकाला त्याची सोबत मिळते, ओळख मिळत नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाई टिळक हसत हसत मोडण्याच्या जागाही दाखवितात. हेरियटपाशी ते धैर्य नाही, किंवा त्याला ते हवे नव्हते.

मराठी वाचकाला आणखी एक तुलना सुचेल. परगावचा सुशिक्षित तरुण व्यवसायाच्या निमित्ताने एका आडवळणी वस्तीत येतो, तेथील माणसे त्याला जोखतात, हळूहळू आपला म्हणतात, ही मांडणी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची (१९५५) आहे. अबोल, अर्कट, स्वाभिमानी माणसे रेखाटण्याची दोघांची हातोटी सारखी आहे, दोघांच्या जगात माणसाचे दैव जनावराच्या दैवाशी बांधलेले आहे. पण बनगरवाडीत दुष्काळ येतो. मेंढरे मरतात, माणसे घरे सोडतात, आणि मास्तर निघतो तेव्हा मागे वस्ती उरलेली नसते. डॅरोबी कधीच रिकामे होत नाही. वस्तुतः ते जगही नष्ट होतच होते. घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, चार गाईंचे गोठे मोडून मोठी दूधकेंद्रे झाली. लेखक हे लिहितो, परंतु उद्गारवजा, जाता जाता. माडगूळकरांनी विनाश कथानकात घेतला, हेरियटने तो दोन ओळींच्या मधल्या जागेत ठेवला. पहिल्याची कलाकृती मोठी आहे, यात शंका नाही. दुसऱ्याच्या पुस्तकाचे थर्स्कच्या त्याच घरात १९९९ मध्ये संग्रहालय झाले आणि २०२० मध्ये, महासाथीच्या वर्षी, त्याची नवी दूरचित्रवाणी मालिका निघाली, ही गोष्ट केवळ बाजाराच्या हिशेबात ढकलून चालणार नाही.

जेथे विनाश चौकटीच्या आत येतो तेथे हेरियटचे लेखन सर्वांत सरस उतरते. जॉन स्किप्टन हा कष्टाने वर आलेला, कद्रू म्हणून प्रसिद्ध असलेला शेतकरी. तो दोन म्हाताऱ्या घोड्यांना, त्यांचे काम संपून वर्षे उलटली तरी, नदीकाठच्या कुरणात राखतो आणि रोज स्वतः जाऊन त्यांना पाहून येतो. हेरियट तेथे जातो तो एका घोड्याचे दात कानशीने घासण्यासाठी. ब्लॉसम या गाईची कथाही अशीच. तिचे वय झाले आहे, कास लोंबू लागली आहे, सडांना इजा होते आहे. मालक डेकिन जड मनाने तिला बाजाराकडे जाणाऱ्या कळपात घालतो. थोड्या वेळाने टेकडीवरून एकटीच गाय उतरते, अंगण ओलांडते आणि सरळ आपल्या जुन्या ठाणावर जाऊन उभी राहते. मागून धापा टाकीत हाक्या येतो. डेकिन तिला ठेवून घेतो. पण तो प्रेमाबद्दल अवाक्षर काढत नाही. ही दोनतीन वासरे पाजू शकेल, म्हणजे आपला खर्च भरून काढील, असा हिशेब तो मांडतो आणि हाक्याला त्याच्या खेपेचे पैसे देऊ करतो. बाकीचा कळप बाजाराच्या वाटेने पुढे जातो.